घरबसल्या नामार्थतज्ज्ञ व्हा!

भांडवल लागत नाही. गाळा लागत नाही. ग्रीक भाषा यावी लागत नाही. येत असेल तर उलट अडचणच होते. बाळंतिणीच्या खोलीत फोनवर बोट फिरवत बसलेले आईबाप आणि बारशाला उरलेले चार दिवस, एवढ्यावर हा धंदा उभा राहतो. गिऱ्हाइकाच्या अटी ठरलेल्या असतात. नाव वर्गात दुसऱ्या कुणाचं नसावं, तीन अक्षरांत बसावं, पोरगी पुढेमागे परदेशी गेली तर तिथल्यांच्या जिभेला त्रास होऊ नये आणि अर्थ ‘छान’ असावा. मायरा आणि कियारा आता वर्गात तीन-तीन असतात. फुलांची नावं म्हणाल, तर जाई, जुई, शेवंता आज्यांच्या पिढीत खर्ची पडली आणि प्राजक्ता आयांच्या. अशा वेळी तुम्ही घसा खाकरायचा आणि म्हणायचं, “ग्रीकमध्ये एक नाव आहे.”

मी हा धंदा अपघातानेच शिकलो. भाचीला मुलगी झाली आणि ‘मामा, तू काहीबाही वाचत असतोस ना’ एवढ्या पात्रतेवर नाव शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी ‘इयांथी’ सुचवलं, ते पसंत पडलं. तेव्हापासून ओळखीपाळखीत मला विचारल्याशिवाय पाळणा हलत नाही. तुम्हालाही जमेल. खालच्या पायऱ्या क्रमाने चढा. मध्ये शंका आली तर गिळा.

१. अर्थ सांगून टाका, घाबरू नका

ग्रीकमध्ये ‘इऑन’ म्हणजे व्हायोलेट आणि ‘आन्थॉस’ म्हणजे फूल. जोडा. इयांथी, व्हायोलेटचं फूल. झालं. या नावाबद्दल छातीठोक सांगता येईल असा अर्थ एवढाच, आणि तो सांगायला चार सेकंद लागतात. त्यातही ‘इऑन’मध्ये फूल आलेलंच आहे, म्हणजे प्रकार एकूण पिवळ्या पीतांबराचा. इथे नवशिक्याला घाम फुटतो. गिऱ्हाईक समोर बसलंय, चहा अजून उकळतोय आणि आपला माल संपला. धीर धरा. पुढच्या सगळ्या पायऱ्या चहा येईपर्यंतचा वेळ कसा भरायचा, याच्याच आहेत.

२. उच्चार अवघड करून द्या

सोप्या उच्चाराला कुणी मान देत नाही. इंग्रज ‘आयॅन्थी’ म्हणतात, ते शिकवा. आजच्या ग्रीकांच्या तोंडी यातला ‘थ’ जीभ दातांत धरून फुंकर मारल्यासारखा येतो. तोही घरच्यांकडून दहा वेळा म्हणवून घ्या. समोर बसलेल्यांवर थोडी थुंकी उडाली म्हणजे उच्चार बरोबर.

एक गोष्ट मात्र स्वतःपाशी ठेवा. प्राचीन अथेन्समध्ये ही फुंकर नव्हती. थीटा, फाय आणि खाय ही तिन्ही अक्षरं तेव्हा श्वास सोडून म्हटली जात, सरळ आपल्या थ, फ, ख सारखी. थालीपीठ म्हणणाऱ्या कुठल्याही आजीचा ‘थ’ लंडनच्या प्राध्यापकाच्या ‘थ’पेक्षा प्लेटोच्या जवळचा आहे. पण हे सांगितलंत, तर लोक म्हणतील, मग तुमची गरज काय?

३. ‘फूल दाखवा’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा

व्हायोलेट आपल्या अंगणात होत नाही. त्या रंगालासुद्धा आपण जांभळाचं नाव देऊन मोकळे झालो. त्यामुळे ‘जांभळ्या रंगाचं एक नाजूक फूल’ एवढ्यावर भागवा. यातला ‘नाजूक’ सोडू नका. तो निसटला की सगळं गेलं. सुवासिक व्हायोलेटला फारसीतून आलेलं बनफशा हे नाव आपल्याकडे आहे, पण ते काष्ठौषधीच्या दुकानात आणि खोकल्याच्या काढ्यात. हे फुटलं तर तुमची इयांथी अडुळसा आणि ज्येष्ठमधाच्या पंगतीत जाऊन बसेल.

रंगाबद्दल कुणी खोदून विचारलं तर होमरला पुढे करा. इलियडमध्ये त्याला समुद्र व्हायोलेटसारखा दिसतो. ओडिसीमध्ये एकडोळ्या राक्षसाच्या मेंढ्यांची लोकरही तशीच गडद, आणि त्याच मेंढ्यांच्या पोटाखाली लपून ओडिसियसची माणसं गुहेतून निसटतात. म्हणजे तुमच्या नावाचा रंग समुद्राचा आहे आणि मेंढीचाही. थिओफ्रास्टस हा वनस्पतिशास्त्राचा आद्य पुरुष. त्याने ‘काळं इऑन’ आणि ‘पांढरं इऑन’ असे दोन प्रकार सांगून ठेवलेत, त्यातलं पांढरं तर वेगळंच झाड. घाबरायचं कारण नाही. बाळाच्या झबल्याचा रंग बघा आणि तोच जाहीर करा.

वासाचंही पाठ करून ठेवा, उपयोगी पडतं. व्हायोलेटच्या वासातलं मुख्य रसायन म्हणजे आयोनोन. १८९३ मध्ये टीमान आणि क्र्यूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं. त्याची गंमत अशी, की वास नाकात शिरतो आणि लगेच नाहीसा होतो, कारण तो घेणारी जाणीवच थोडा वेळ बधिर पडते. मग पुन्हा येतो, पुन्हा जातो. सल्लागाराने हाच आदर्श डोळ्यांपुढे ठेवावा. दरवळ सोडायचा आणि कुणी हुंगायला जवळ आलं की नाहीसं व्हायचं.

४. ‘आन्थॉस’ला घरचं करून घ्या

परक्या नावाला सासरचे नाक मुरडतात. तेव्हा नातं दाखवावं लागतं, आणि सुदैवाने इथे खरंखुरं नातं निघतं. पारिजातकाचं शास्त्रीय नाव ‘निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस’. निक्टँथिस म्हणजे रात्रीचं फूल. त्यातलं मागचं ‘अँथिस’ हेच आपलं आन्थॉस. (पुढच्या दोन शब्दांचा अर्थ ‘दुःखी झाड’. तो बारशात सांगू नये.) सूर्यफूल हे हेलिअँथस. निवडक कवितांच्या पुस्तकाला ‘अँथॉलॉजी’ म्हणतात, त्याचा मूळ अर्थ फुलं वेचणं. ख्रिस्तपूर्व १०० च्या आसपास मेलिआगर नावाच्या कवीने असा संग्रह केला, त्याचं नाव ठेवलं ‘माळ’ आणि प्रस्तावनेत एकेका कवीला एकेक फूल वाटून दिलं. म्हणजे सकाळी परडी घेऊन प्राजक्ताचा सडा वेचणारी आपली मुलगी ग्रीक हिशेबाने निक्टँथिसची अँथॉलॉजी करत असते. हे वाक्य मी चार बारशांत वापरलंय. दरवेळी एक तरी आत्या वहीत लिहून घेते.

इथवर थांबलात तर तरलात. कारण पुढे खड्डा आहे. काही भाषाशास्त्रज्ञ आन्थॉसचा संबंध वेदांतल्या ‘अन्धस्’ या शब्दाशी जोडतात. ऋग्वेदात तो सोमवल्लीसाठी येतो. ऐकायला किती भारदस्त! पण अमरकोश उघडलात तर ‘अन्धस्’ तुम्हाला शिजवलेल्या भाताच्या नावांत सापडेल. मूळ खरंच एक असेल, तर तिकडे त्याचं फूल झालं आणि इकडे भात. शिवाय कानाला ‘अंध’ लागतं ते वेगळंच. पाळण्याजवळ यातलं काहीही खपणार नाही. ‘वैदिक मूळ आहे’ एवढंच म्हणा आणि जेवायला कधी वाढणार, ते विचारा.

५. ‘इऑन’ दिसेल तिथे हात मारा

आयोडीन हे व्हायोलेटचंच भावंड. १८११ मध्ये कुर्त्वा नावाचा फ्रेंच माणूस समुद्रशेवाळाच्या राखेशी झटत असताना भांड्यातून जांभळी वाफ निघाली, आणि पुढे त्या वाफेच्या रंगावरून ग्रीक व्हायोलेटचं नाव त्या मूलद्रव्याला मिळालं. लहानपणी खरचटलेल्या गुडघ्याला लावलेलं, बोंब मारायला लावणारं ते टिंक्चर आठवा. नावाने तुमच्या इयांथीची ते मावशी लागतं.

आता इथून खोटं सुरू करायचं. भौतिकशास्त्रातला विद्युतभारित ‘आयन’ दिसायला अगदी तसाच शब्द आहे. १८३४ मध्ये फॅरेडेने तो रूढ केला, पण ग्रीकमधल्या ‘जाणे’ या क्रियापदावरून. व्हायोलेटचा तिथे काडीचा संबंध नाही. आयोनिया नावाचा ग्रीक प्रदेश, ज्याच्यावरून आपल्याकडे ‘यवन’ आला, त्याचाही नाही. तुम्ही तिघांना एकाच पोत्यात घाला आणि पोतं शिवून टाका: ‘इयांथी म्हणजे ऊर्जा, यवनदेशीचा वारसा आणि फूल’. तीन अर्थ दिले की कुणी एकाचाही पुरावा मागत नाही.

मन खात असेल तर ऐका, हा उद्योग ग्रीकांनीच सुरू केलाय. झ्यूसची प्रेयसी इओ हिची गाय झाली, तेव्हा तिला चरायला म्हणून जमिनीने व्हायोलेट उगवली, म्हणून त्याला इऑन म्हणतात, असं ते सांगत. म्हणजे फूल नाजूक, पण मूळचा चारा. युरिपिडीसच्या ‘इऑन’ नाटकात बाप मुलाचं नाव इऑन ठेवतो, कारण बाहेर ‘जाताना’ तो भेटला! आणि प्लेटोचा ‘क्रॅटिलस’ संवाद तर सबंध याच भानगडीवर आहे. हर्मोजीनिस म्हणजे धनलाभाच्या हर्मीस देवाच्या कुळातला; त्या बिचाऱ्याकडे पैसा टिकत नाही, म्हणून क्रॅटिलस त्याला तोंडावर सांगतो, की सगळं गाव म्हणत असलं तरी हे तुझं नावच नव्हे. आपल्याकडच्या एखाद्या कफल्लक लक्ष्मीकांताला असं ऐकवून बघा. पुढे सॉक्रेटिस संवादभर एकामागून एक व्युत्पत्त्या सोडत सुटतो आणि तो चेष्टा करत होता की काय, यावर पंडित अजून भांडतायत. आपले यास्काचार्यही निरुक्तात बजावून गेलेत, की व्युत्पत्ती सांगता येत नाही असं म्हणायचंच नाही, काहीतरी सांगायचंच. एवढ्या थोरांचा आशीर्वाद पाठीशी असताना तुम्ही का लाजता?

६. पुराणकथा सांगा, पण वेळेवर गप्प बसा

ग्रीक कवी हेसिअडच्या म्हणण्याप्रमाणे ओकेआनोस आणि टेथिस यांना तीन हजार मुली. त्यातल्या एक्केचाळीस जणींची नावं त्याने दिली, त्यात इयांथी आहे. (तीन हजार बारशी. आत्या किती असतील?) ‘जलकन्या’ म्हणून सांगा, चांगलं वाजतं. डीमीटरच्या स्तोत्रात हीच इयांथी पर्सेफोनीची मैत्रीण म्हणून भेटते. मैत्रिणी कुरणात फुलं वेचतायत, गुलाब, केशर, व्हायोलेट. म्हणजे व्हायोलेट नावाची मुलगी व्हायोलेट वेचतेय. इथे पूर्णविराम. पुढच्याच क्षणी जमीन दुभंगते आणि पाताळाचा राजा पर्सेफोनीला पळवून नेतो, हे घरच्यांना कळायची घाई नाही. शाळेच्या सहलीला पाठवणार नाहीत.

रोमन कवी ओव्हिडची गोष्ट मला सगळ्यांत आवडते, आणि तीच सगळ्यांत कमी सांगितली जाते. क्रीट बेटावरच्या फेस्टोस गावी लिग्दुस नावाचा गरीब माणूस गरोदर बायकोला सांगतो, की मुलगी झाली तर मारून टाकावी लागेल. ऐपत नाही. मुलगीच होते. आयसिस देवीने स्वप्नात धीर दिलेला असतो, म्हणून आई ‘मुलगा झाला’ सांगून ती वाढवते. बाप आजोबांचं नाव ठेवतो: इफिस. आई मनात हुश्श करते, कारण ते नाव मुलाचं असतं तसं मुलीचंही. निदान नावात तरी खोटं नाही. तेराव्या वर्षी बाप या ‘मुलाचं’ लग्न ठरवतो, ते तेलेस्तेसच्या रूपवान मुलीशी, इयांथीशी. दोघी एका गुरूकडे शिकलेल्या, दोघींचा एकमेकींवर जीव. एकीला लग्नाची घाई आणि दुसरीच्या जिवाला घोर. आई नाना निमित्तं काढून तारखा ढकलत राहते, दुखणं, अपशकुन, स्वप्नं. शेवटी लग्नाच्या आदल्या दिवशी मायलेकी देवळात धावतात, आयसिसची वेदी हलते, आणि इफिस बाहेर पडते ती लांब ढांगा टाकत, पुरुष होऊन. दुसऱ्या दिवशी लग्न.

या सबंध कथेत इयांथीचं काम काय? वाट बघणं. इफिसला लांबलचक स्वगत आहे, इयांथीच्या तोंडी एक वाक्य नाही. तुम्ही मात्र ‘प्राचीन रोमन महाकाव्याची नायिका’ असं छापा. (उष्ण समुद्रांत जांथिना नावाची जांभळी गोगलगाय असते; नाव या फुलाच्याच रंगावरून. बुडबुड्यांचा तराफा करून उलटी लटकत तरंगते. ती जन्माला येते नर आणि पुढे होते मादी. समुद्राने ओव्हिड उलट्या बाजूने वाचलेला दिसतो. जाऊ दे, हे गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं नाही.)

७. कवींची नावं घ्या, चरित्रं नको

खुद्द ग्रीसमध्ये नातवंडांना आजीआजोबांची नावं द्यायची रीत. या नावाला मिरवलं ते इंग्रज कवींनी, आणि तेही बहुतेक पडदा म्हणून. वॉल्टर सॅव्हेज लँडॉर हा जेन सोफिया स्विफ्ट या बाईंना कवितांतून इयांथी म्हणत राहिला. बाईंनी लग्न दुसऱ्याशी केलं. बायरनने ‘चाइल्ड हॅरल्ड’ची अर्पणकविता ‘इयांथी’ला लिहिली. ती लेडी शार्लट हार्ली, तेव्हा अकरा-बारा वर्षांची. तिच्या आईशी बायरनचं त्या सुमारास काय चाललं होतं, ते कुणी विचारलं तर खिडकी उघडा आणि उकडतंय म्हणा.

शेली मात्र तुमच्या खास कामाचा. १८१३ च्या त्याच्या ‘क्वीन मॅब’ काव्यात इयांथी आहे. ती झोपलेली असते आणि परी तिचा आत्मा घेऊन विश्व दाखवायला जाते. शरीर काव्यभर झोपलेलंच. त्याच वर्षी जूनमध्ये त्याला मुलगी झाली, तिचं नाव त्याने एलायझा इयांथी ठेवलं. ‘महाकवी शेलीने स्वतःच्या लेकीसाठी निवडलेलं नाव’ हे वाक्य ठळक टाइपात घ्या. दुसऱ्या वर्षी तो तिला आणि तिच्या आईला सोडून गेला, १८१६ मध्ये आईने पाण्यात जीव दिला आणि १८१७ मध्ये न्यायालयाने मुलांचा ताबा शेलीला नाकारला. हे ठळक टाइपाच्या खाली बसत नाही. जागाच नसते हो, काय करणार.

८. स्वभाव वाटून टाका

‘या नावाच्या मुली संवेदनशील, कलाप्रिय आणि थोड्या हट्टी असतात.’ कुठल्याही मुलीला लावून बघा, बसतं. ‘थोड्या हट्टी’ आवर्जून घाला, नाहीतर आई विश्वास ठेवणार नाही. शुभांक पाच द्या. व्हायोलेटला पाकळ्या पाच असतात. या क्षेत्रात एवढा पुरावा म्हणजे डोक्यावरून पाणी. ग्रह हवा असेल तर मंगळ आणि गुरू यांच्यामधला लघुग्रह ९८ इयांथी आहे, १८६८ मध्ये पीटर्सने न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिंटनहून शोधलेला. पत्रिकेत त्याला घर नाही. म्हणजे तुम्ही द्याल तिथे राहील.

आणि स्तुतीला घाबरू नका. पिंडार या कवीने अथेन्सला ‘व्हायोलेटचा मुकुट घातलेली नगरी’ म्हटलं, तेव्हापासून परगावच्या दूतांना अथेन्सकडून काही काढायचं असलं की ते हाच शब्द वापरत. ख्रिस्तपूर्व ४२५ च्या ‘अकार्नियन्स’ नाटकात ॲरिस्टोफेनिस प्रेक्षकांना तोंडावर सांगतो, की ‘व्हायोलेट-मुकुट’ ऐकलं रे ऐकलं, की तुम्ही ढुंगणाच्या टोकावर ताठ होऊन बसता! आणि ‘चकचकीत नगरी’ म्हटलं की मागेल ते देऊन टाकता, पण ते विशेषण तर मासळीला शोभणारं. बारशाला जमलेल्यांची बैठक नीट बघा. ‘व्हायोलेट’ म्हटल्यावर कोण किती ताठ झालं, त्यावरून पाकिटाचा अंदाज येतो.

९. फूल स्वतः बघायला कधीही जाऊ नका

मी गेलो. चूक झाली, ती तुम्ही करू नका. बारशाच्या आदल्या दिवशी बाळाची पणजी, म्हणजे माझी आई, वाती वळता वळता म्हणाली, “फुलाचं नाव ठेवताय ना? मग फूल आण एक. पाळण्याला बांधू.” मी नाजूक म्हटलं, जलकन्या म्हटलं, शेलीचंही काढलं. ती म्हणाली, “ते राहू दे. तू पाहिलंयस का?”

मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात बनफशा मागितला. दुकानदाराने मागचा पत्र्याचा डबा काढला, छोट्या तराजूत पन्नास ग्रॅम तोलला आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ओतला. चुरगळलेली पानं, काड्या, मधेच दोन-चार वाळून आक्रसलेली फुलं. रंग वापरून वाळवलेल्या चहापत्तीचा. वास घेतला तर जुन्या गवताचा. मी एक फूल चिमटीत धरून उजेडाकडे नेलं. कडेला कुठेतरी, आहे म्हटलं तर, जांभळी झाक होती.

“खोकला सुका आहे की ओला?” त्याने पुडी बांधता बांधता विचारलं.

“बारसं आहे,” मी म्हणालो.

“मग अळीव आणि डिंक पण बांधू का?”